धूळ नसलेला चौकोन

टेबलावर धूळ नसलेला एक चौकोन,
तेवढाच ठेवून गेले.
वायरी तोडल्या नव्हत्या, हळुवार काढल्या होत्या,
घरचं माणूस सिलेंडर बदलताना नळी काढतं तशा.

अक्कलकोट रोडवर आमचा टॉवेलचा कारखाना.
मागच्या खिडकीला गज तीन,
चौथ्याची नुसती भोकं.
पासवर्ड स्क्रीनच्या कडेला चिकटवलेला, माझ्याच अक्षरात:
शेठच्या मुलीचं नाव, पुढं एक दोन तीन.
आणि बॅकअप?
होता की.
त्याच टेबलाच्या वरच्या खणात.
तोही गेला, खणासकट.

हवालदारानं विचारलं, किंमत?
बोद्दूल शेठ म्हणाले, सत्तावीस हजार.
मी गप्प.
सत्तावीस हजार तर पत्र्याच्या डब्याचे.
आत अकरा वर्षांची डिझाइनं होती,
मोर, कोयऱ्या, बुद्धिबळाचा पट,
कुठल्या कुठल्या लॉजांची नावं किनारीत विणलेली.
फिर्यादीच्या कागदावर त्यांना रकाना नव्हता.

तिसऱ्या दिवशी नरसय्या गज्जम आले,
डोळ्यांचं ऑपरेशन झालेले, हातात भिंग.
जकार्डाचे पुठ्ठे ठोकण्यात त्यांचं आयुष्य गेलं.
"रडलालास कशाला बे?
आमच्या वेळी डिझाइन म्हणजे पुठ्ठ्याला पाडलेली भोकं.
भोक कोण चोरतंय?"
गोदामातला एक टॉवेल पसरला,
धागा वर, धागा खाली,
ओकटी, रेंडू, मूडू,
आणि मी वहीच्या चौकटी काळ्या करत गेलो.
नऊ दिवसांत सहा डिझाइनं परत आली.
मोराची शेपटी जरा आखूड आली.
मोजायला घेतलेला टॉवेल
कुणीतरी आधी धुतला होता.

पण कापडात सगळं विणलेलं नसतं.
यल्लव्वाची उचल, किती फिटली, किती राहिली,
रात्रपाळीचे तास, बोनसचा हिशेब,
नागमणी मेरगूची चौदा वर्षांची हजेरी,
टॉवेल उलटा करून पाहिला तरी
यातलं काही दिसत नाही.

शेठ म्हणाले, उचली सगळ्या पाठ आहेत मला.
नावानिशी, रुपयानिशी.
रात्रपाळीचं मात्र
काही म्हणजे काही आठवत नाही बघ.

दुसऱ्या दिवशी नागमणी पिशवी घेऊन आली.
चौदा कॅलेंडरं, गुंडाळून,
बॉबिनच्या उरल्या दोऱ्यानं बांधलेली.
हजर तर उभी रेघ,
जादा पाळीला शेजारी टिंब,
लाइट गेली, अर्ध्या रोजावर घरी धाडलं, तिथं फुली.
एका मे महिन्यात फुल्याच फुल्या.
एका पानावर सलग तीन दिवस कोरे.
"हे काय?" मी विचारलं.
"सासू गेली तेव्हा."

शेठनी पानं उलटली, परत उलटली.
टिंबांवर त्यांचं बोट थांबायचं
आणि पुढं सरकायचं.

मी उगाच विचारलं,
"मशीनवर तुझा भरवसा नव्हता होय?"
"मशीनवर होता," ती म्हणाली.

आता खिडकीला चौथा गज आहे.
पासवर्ड लांबलचक आहे, तो कुठं लिहिलेला नाही,
तुम्हालाही सांगणार नाही.
दर शनिवारी सगळ्याची एक नक्कल
माझ्या डब्याच्या वरच्या पुडात बसून घरी येते.
शेंगाचटणीचा वास तिला कायमचा लागलाय.
बायको म्हणते, ह्यो कसला खाऊ रोज परत आणताय?

नवा कॉम्प्युटर जुन्याहून अरुंद आहे.
त्याच्या दोन्ही बाजूंना
जुन्याची स्वच्छ पट्टी बरेच दिवस दिसायची,
मग कापसाचे तंतू बसत बसत बुजली.

या साली हजेरी बोटाच्या ठशावर आहे.
नागमणी सकाळी बोट टेकवते,
हिरवा दिवा लागेपर्यंत थांबते,
आणि रात्री घरी
पंधराव्या कॅलेंडरवर रेघ ओढते.

ते मी तिला बंद कर म्हटलेलं नाही.