तोतया

क्लाक्सविकच्या धक्क्यावर, बर्फाच्या कारखान्याच्या माथ्यावर
आमची खोली. खिडकीतून समुद्र दिसतो,
माझ्या चाचण्यांना दिसत नाही.
त्या धावतात नोडच्या तळघरात,
जिथं उपग्रह नाही, होकायंत्र नाही,
खिशात थरथरणारा फोन नाही.
"नॅव्हिगेटर? असं इथं कुणी राहत नाही,"
म्हणत पहिल्याच ओळीवर माना टाकतात.

म्हणून मी तोतया बसवला.
नाव तेच, दार तेच, हाक मारायची रीत तीच.
आत कुणी नाही,
फक्त दोन आकडे, घोकून ठेवलेले.
कितीदाही विचारा, बोट कुठाय?
न चिडता, पापणी लवायच्या आत सांगतो:
६२.३१, उणे ७.८४.

आकडे कुठून तरी आणायलाच हवे होते.
शून्य, शून्य लिहायचा मला कंटाळा,
आणि हे दोन मला झोपेतही येतात.
बाबांच्या चाकघरात तंबाखूच्या डब्याला
झाकणाच्या आतून पेन्सिलीनं लिहिलेत.

मंगळवारी बाबा जिना चढून आले,
वाऱ्यावर सुकवलेल्या मटणाची पुडी घेऊन.
माझ्या खांद्यावरून पडद्याकडे बघत
गप्पच झाले.
"हे काय, सुन्नीवा?"
"चाचणी."
"ही माझी जागा आहे.
तीस वर्षं सख्ख्या भावाला सांगितली नाही,
आणि तू ती याला दिलीस?"
हा म्हणजे तोराल्वुर, ज्याच्या सासऱ्याची बोट
आमच्या बोटीला लागूनच उभी असते.
"मी वाचत नाही हो," तो मॉनिटरमागून म्हणाला,
"नुसतं मंजूर करतो."

मी आकडे बदलले.
आता आमची बोट गावच्या फुटबॉल मैदानात
मधल्या वर्तुळात जाळं टाकते.
बेचाळीस चाचण्या, सगळ्या हिरव्यागार.
एकीनंही विचारलं नाही, इथं पाणी कुठाय?

बाबा बसले. बुटांखाली तळं साचलं.
"तुझा हा माणूस दरवेळी उत्तर देतो?"
"देतो."
"लगेच?"
"लगेच."
"मग तो कधी समुद्रावर गेलेला नाही."

ते गेल्यावर मी दुसरा तोतया घडवला,
विचारलं की "परवानगी नाही" म्हणून दार लावणारा.
आणि तिसरा,
जो हो म्हणत नाही, नाही म्हणत नाही,
नुसता ऐकून घेतो.
त्याच्यासोबत घड्याळही खोटं लावलं,
खुर्चीतून न हलता तीस सेकंद सरकवले.
पडद्यावर "शोधत आहे" फिरतच राहिलं.
मग एक मिनिट. मग एक तास.
तास सरला तरी फिरतच होतं.
लाल.

फेब्रुवारीत मिकिनेसच्या पलीकडून हॉग्नीनं कळवलं होतं,
धुक्यात तुमचं ॲप गोल गोल फिरत बसतं.
आम्ही लिहिलं होतं, आमच्याकडे नीट चालतं,
आणि तक्रार बंद केली होती.

रात्री नऊपर्यंत दुरुस्ती झाली,
वर अकरा नव्या चाचण्या मेल्या.
त्या मुक्याला उठवायचंच राहिलं होतं.
खऱ्याच्या गादीवर बसून तो
पुढच्या प्रत्येकीशी अबोला धरून होता.
उसनं नाव ज्याचं त्याला परत केलं,
प्रत्येक चाचणीनंतर परत करायची ओळ लिहिली,
दिवा घालवला.

पहाटे बाबांची बोट बंदराबाहेर पडली.
नवं ॲप उघडून मी त्यांचा ठिपका शोधला.
ठिपका नाही. एक करडी पट्टी, आणि तिच्यावर
मीच काल घातलेले शब्द:
परवानगी नाकारली आहे.
बरोबर दिसत होते. अक्षर कापलं जात नव्हतं.

जुने आकडे मात्र गिटच्या इतिहासात
आहेत तिथंच आहेत.
हे मी बाबांना अजून सांगितलेलं नाही.