रीडिंग

धनकवडीत शेवटच्या बसथांब्यामागे,
खाली पंक्चरवाला, वर नर्सिंग होम.
पोटावर दोन पट्टे, एक गुलाबी, एक निळा:
एक कळांसाठी, एक तिच्यासाठी.
तेव्हा अजून ती 'ती' नव्हती, नुसतं बाळ.

मी मीटर रीडर. सात वर्षं
आंबेगाव पठारापासून बालाजीनगरपर्यंत
जिन्याखालच्या अंधारात, चपलांच्या रॅकमागे,
बांधलेल्या कुत्र्याच्या साखळीएवढं अंतर राखून
लोकांच्या घरांचे आकडे टिपत आलेय.
आकडा खोटं बोलत नाही, साहेब म्हणायचे.
मी काही बोलायचे नाही.
काचेवर धूळ असली की आठाचा तीन होतो,
ते त्यांना कुठं माहीत.

एकशे चाळीस. एकशे सदतीस. एकशे चव्वेचाळीस.
बंद दारापलीकडे कुणी घाईने
शिलाई मशीन चालवावं तसा आवाज,
आणि घडीवर घडी पडत लादीवर उतरणारी कागदाची पट्टी.
हनुमंत स्टुलावर. माझा हात त्याच्या हातात,
डोळे मात्र पडद्यावर.
कळ मला कळायच्या आधी त्याला कळायची.
"आली, आली बघ," म्हणायचा,
जसा काही कात्रजच्या चौकात उभा आहे
आणि लांबून बस दिसतेय.

कुशीवर वळू का, मी विचारलं.
"हलू नका, ट्रेस जातो," डॉक्टर म्हणाला,
मिसरूड नुकतंच फुटलेलं पोरगं.
मग नाही हलले.
खालून दुधाच्या गाड्या जायला लागल्या
तोवर नाही हलले.

मग ब्याऐंशी.
एकोणऐंशी.
यंत्र ओरडायला लागलं. दिवे लागले.
कुणी म्हणालं ओटी तयार ठेवा,
कुणी सहीसाठी कागद पुढे केला,
हनुमंतने पेन उलटं धरलं.
मी देवाचं नाव घेतलं नाही. खोटं कशाला सांगू.
आठवलं ते एवढंच:
'दार बंद. रीडिंग नाही. सरासरी धरावी.'
किती दारांसमोर लिहिलं हे
आणि पुढचा जिना चढले.

थोपटे सिस्टर आल्या.
निवृत्तीला चार महिने राहिलेल्या,
स्वेटरची एक बाही अजून घालायची राहिलेली.
पडद्याकडे त्यांनी बघितलंच नाही.
माझं मनगट धरलं. ओठ हलत होते.
"अगं," म्हणाल्या, "ही तर तूच आहेस."

कुणाला काही कळेना.
"पट्टा घसरलाय. यंत्र आईला ऐकतंय."

खिशातून ॲल्युमिनियमचं नरसाळं काढलं,
पोटावर टेकवलं, वर कान ठेवला,
आणि हात उचलला. सगळे गप्प.
खोबरेल तेलाचा वास, पिकलेला अंबाडा,
भिंतीवरच्या घड्याळावर खिळलेले डोळे.
एक बोट माझ्या मांडीवर ठोका धरू लागलं,
टकटक टकटक टकटक,
माझ्या पोटातलं माझ्याच मांडीवर.
"एकशे बेचाळीस. मजेत आहे.
तू वळ कुशीवर. इतका वेळ अशी कुणी ठेवली हिला?"

सकाळी सहाला ती आली, ओरडत, तांबडीलाल.

नंतर कधीतरी, दूध पाजताना, लक्षात आलं:
चार मिनिटं त्या खोलीतले सगळे
माझ्या काळजाला घाबरले होते.
इतकं कान देऊन ते कुणी ऐकलं नव्हतं कधी.
तेव्हाही चुकूनच.

ती पट्टी फाइलीत आहे, लसींच्या कार्डामागे.
थर्मल कागद, रेघ जवळजवळ उडालीय.
सिस्टरनी त्या चार मिनिटांवर बॉलपेनने
'आईचे' लिहून बाण काढलाय, तो तेवढा ठळक.

मी पुन्हा कामावर आहे.
काच आधी ओढणीने पुसते.
दार बंद असलं तर अजून एकदा वाजवते.
कधी आतून पावलं येतात.
कधी नाही येत, मग लिहिते, सरासरी.