अगं

नाव ठेवायचं नाही, हा माझा नियम.
ज्यांच्याकडे जन्म काढायचा त्यांनी ठेवावं.
मी फक्त मधली.
वहीत हिचा आकडा सात, आणि पुढे:
तुर्भे, बंद पडलेलं मिरचीचं गोदाम, मागचं फाटक,
दोरी कापावी लागली.

अल्फियाने आणली ती पोत्यात गुंडाळून.
पोत्याला अजून ठसका होता,
आम्ही तिघीही शिंकलो.
एकत्र केलेली ती आमची पहिली गोष्ट.

बाथरूममधल्या काट्यावर आधी मी एकटी,
मग तिला कडेवर घेऊन मी.
बेरजेतून मी वजा.
साडेनऊ.
डॉक्टर कारखानीस म्हणाले, हे नुसत्या हाडांचं वजन आहे.
खरूज, गोचिडांचा ताप,
गळ्याभोवती दोरीने स्वतःसाठी केलेली जागा.

एकतीस वर्षं मी बाजारात हिशेब लिहिला.
ट्रकभर कांद्यात माती किती, घट किती,
काटा न बघता सांगते.
ही घट मात्र कोणाच्या खात्यावर टाकायची
ते सुचेना.

भात, लाल भोपळा, कोंबडीचं अळणी पाणी.
पहिले नऊ दिवस ती भिंतीकडे तोंड करून जेवली.
मी बाहेर गेले की चाटण्याचा आवाज,
आत आले की बंद.
मग मी पाठ करून उभी राहायला शिकले,
ओट्याशी, नळ सोडून,
एकच वाटी पुन्हा पुन्हा विसळत.
आमच्या कोपरखैरण्याच्या चाळीत संध्याकाळी पाणी तासभरच,
त्यातली वीस मिनिटं हिच्या संकोचापायी वाहून गेली.

केरसुणी दिसली की उभ्या जागी मुतायची.
म्हणून केरसुणी शेजारी ठेवली, घोसाळकरांकडे.
रोज सकाळी ती मागायला जायचं.
शालनला वाटलं, मला बोलायला हवं असतं कुणी.
असेलही.

गोळी पेढ्यात लपवली
तर पेढा गेला, गोळी फरशीवर,
चाटूनपुसून लख्ख.

दहा. दहा आठशे.
मध्ये एक आठवडा पुन्हा साडेनऊ,
त्या आठवड्याबद्दल वहीत काही लिहिलेलं नाही.
मग अकरा. बारा शंभर.
मानेवर पहिली लव आली ती करडी,
बोट लावलं तर बोटालाच लाज वाटावी इतकी नवी.

एका दुपारी दारातूनच हाक मारली,
अगं शालन, केरसुणी दे.
मागे नखांची टकटक.
ही येऊन उभी,
कान वर, शेपटी अर्धी धीट.
शालनच्या आधी.

तेव्हा आठवलं मी काय काय बोलत आले होते.
अगं सरक. अगं खा की.
अगं, किती खाजवशील, सालटं निघेल.
अगं, झोपेत का रडतेस, मी आहे ना इथे.
हे शेवटचं रात्री अडीचला, बऱ्याच रात्री.

साडेचौदाला उलव्याचे केणी आले,
बायको, मुलगी ईश्वरी, आणि नवा लाल पट्टा.
पट्टा मी सैल केला, दोन बोटं जातील इतका.
कपाळावरचा पांढरा ठिपका बघून ईश्वरी म्हणाली, टिकली.
छान आहे, म्हटलं.
तिला काट्याची रीत सांगितली:
आधी तू, मग हिच्यासकट तू, मग तू वजा.
तिने दोनदा म्हणून पाहिलं.

गाडीत चढताना हिने मागे बघितलं नाही.
खिडकीच्या काचेला नाक लावून
पुढच्या सीटवरच्या वडापावाकडे बघत होती.
बरं झालं.
घरात येऊन काट्यावर चढले, हात रिकामे.
अडीच किलो मीच वाढले होते,
तिच्या उरलेल्या भातावर.

दहाव्या दिवशी केणींचा फोन.
“मॅडम, टिकली म्हनलं तर वळून पन बघत नाय.
पन मी मंडलीला अगं म्हनलं,
का हीच पयली धावून येते.”
मागे बाई हसत होती, भांडं पडलं काहीतरी,
आणि एक भुंकणं,
जे माझ्याकडे तिने एकदाही केलं नव्हतं.

होईल सवय, म्हटलं.

केरसुणी अजून शेजारीच आहे.