दुतोंड्या मारुतीच्या कमरेपर्यंत

स्टाफरूममध्ये थेटे सर खडू सोडतात.
खडू पडतो. दरवेळी पडतो.
"हे सायन्स," ते म्हणतात, "तुमचा कांदा
एकदा तरी सांगून पडला का?"
मी हसते. तेवीस वर्षं हसते आहे.

फळ्यावर मी मागणीची रेषा काढते
आणि कोपऱ्यात लिहिते: इतर परिस्थिती कायम असताना.
बुधवारच्या बाजारात, गोदाघाटावर,
ती कधीच कायम नसते.
पगारे मावशींना मी एकदा म्हटलं,
पुढच्या बुधवारी कोथिंबीर महागणार.
त्यांनी जावेला सांगितलं, जावेनं गावाला,
सगळ्यांनी कोथिंबीरच आणली,
आणि दिवेलागणीला जुड्या
गाईंपुढे.
खडूला कुणी सांगत नाही, तू पडणार आहेस.

पूर आला की अख्खं नाशिक मारुतीकडे बघतं:
पाणी गुडघ्याला, कमरेला, छातीला.
नदीला ठाऊक नसतं कुणी मोजतंय म्हणून.
मारुती जागचा हलत नाही.
माझ्या पुरात
मारुतीही वाहत असतो,
शेंदूर सुटलेला, दोन तोंडं,
एक म्हणतं भाव वाढेल,
दुसरं, मागे बघत,
वाढायला हवा होता.

काल तास संपल्यावर थेटे सर
दाराशी घुटमळले.
"सोनं आत्ता घ्यावं का हो?
पोरीचं माघात आहे."
मी त्यांच्या हातातला खडू घेतला.
सोडला नाही.
"सर, सराफ बाजारात
आणखी कुणाकुणाला विचारलंत,
ते आधी सांगा."