पार्किंगसकट

धात्रक म्हणाला, मॅडम, पंडित कॉलनीत वन बीएचके,
या भाड्यात, तेही पार्किंगसकट,
उद्या सकाळपर्यंत राहायचा नाही.
माझ्याकडे गाडी नाही, मी म्हटलं.
मग घ्याल की, तो म्हणाला.

मी त्याला सांगितलं नाही
की मार्चमध्ये पाथर्डी फाट्याला
सिग्नल हिरवा झाला आणि मी स्कूटीसकट आडवी झाले.
शुद्ध आली तेव्हा एक द्राक्षवाला
क्रेटमधल्या कागदाची घडी करून
माझ्या तोंडावर वारा घालत होता.
डॉक्टरांनी गोळ्यांच्या वर एक ओळ लिहिली,
वाहन चालवू नये, दोन वर्षे.
एरवी न लागणारं त्यांचं अक्षर
त्या दिवशी चक्क वाचता आलं.

वहिनी म्हणाली, हे सोडतील ना रोज लॅबला.
रोज कुणी सोडायचं, रोज कुणी आणायचं,
मी काय लाँड्रीतले कपडे?

मग मी पायांनी घर शोधलं.
कॅनडा कॉर्नरच्या लॅबपासून निघायचं आणि मोजत सुटायचं.
कॉलेज रोडला पंधराशेनंतर भाडं परवडेना,
अशोकस्तंभाकडे भाडं परवडलं, तर जिना चौथ्या मजल्याचा, कठड्याशिवाय.
इथे चौदाशे पावलं.
दूध ऐंशीवर. मेडिकल दोनशे दहा.
बुधवारी बाजाराला गंगेवर उतरायचं
आणि मेथीची जुडी बगलेत धरून चढ चढून यायचं,
मधे दोनदा थांबून.

खैरनार काका पाटबंधाऱ्यातून रिटायर झालेले,
प्रश्नही पाणी सोडल्यासारखे, ठरल्या वेळी, ठरले तेवढेच.
एकट्याच? एकटीच.
नॉनव्हेज? रविवारी.
पाहुणे? भाऊ, सांगून येतो.
आजाराचं त्यांनी विचारलं नाही.
जीभ दातांपर्यंत आली होती,
मी चहा प्यायले.

ॲग्रीमेंट अकरा महिन्यांचं.
बाराव्या महिन्यात मी कुठे असेन कायद्यानं,
हे धात्रकलाही नक्की ठाऊक नव्हतं.
पार्किंगचे पाचशे तरी कमी करा, मी म्हटलं.
ते फ्लॅटला जोडून आहे, काका म्हणाले,
शेतीला बांध असतो तसं.

तेव्हा चार नंबरची एक जागा माझी झाली,
पिवळ्या रेघांतली,
मधे कुणाच्या तरी बुलेटचा ऑइलचा डाग.
दोन महिने तिथे
कबुतरं आणि बिल्डिंगमधल्या पोरांचा बॉल.

गेटबाहेर गोकुळ निकमची इस्त्रीची गाडी,
दुपारी उन्हात, पुढे निखारे, मागे सूर्य.
आत लाव, मी म्हटलं, जागा भरलेली आहे, पैसे दिलेत मी.
सेक्रेटरी आले. पार्किंग फक्त वाहनासाठी आहे, ताई.
मी फॉर्म मागितला.
वाहनाचा प्रकार: हातगाडी.
चाके: चार.
क्रमांकाच्या रकान्यात एक आडवी रेघ.
ते बराच वेळ फॉर्मकडे बघत राहिले
आणि मग त्यांनी घरून तीन शर्ट पाठवले.

गोकुळला मात्र मी सांगितलं,
कुणालातरी सांगायला हवंच होतं.
मी पडले तर घाबरायचं नाही.
डाव्या कुशीवर वळवायचं.
कांदा हुंगवायचा नाही, चप्पल तर नाहीच,
तोंडात चमचा घालायचा नाही,
घड्याळ बघायचं, पाच मिनिटांच्या वर गेलं तर फोन.
जादा चावी त्याच्या कोळशाच्या डब्यामागे, खिळ्याला.

तो माझ्या ॲप्रनवर पाणी शिंपडत होता.
डाव्या कुशीवर, तो पुटपुटला,
जणू कुठल्या कपड्याला कितपत ताव द्यायचा
ते लक्षात ठेवतोय.
मी गेटपाशी पोचले तेव्हा त्याने हाक मारली,
ताई, डावी तुमची की माझी?

माझी, मी म्हटलं.
मग मलाच शंका आली,
मी एकदा हात वर करून पाहिला
आणि त्यालाही दाखवला.