निळे दाणे

एकोणीस वर्षं मी रबाळ्याच्या शेडमध्ये
धुण्याची पावडर पाकिटांत भरली.
पांढऱ्यात निळे दाणे मिसळायचं काम माझ्याकडे,
शंभर किलोला दोन किलो.
ते दाणे काही करत नाहीत.
मळ काढत नाहीत, फेस आणत नाहीत.
आत कुणीतरी राबतंय
असं गिऱ्हाइकाला वाटावं, एवढ्यापुरते.

शेड बंद झाली त्या महिन्यात
घणसोलीच्या घरात मी पहिल्यांदा
धुण्याच्या बादलीकडे नीट बघितलं.
तोवर ती मोरीत असायची,
मोरीला नळ असतो तशी.

बादली रिकामी होत नाही,
हे मला कुणी सांगितलं नव्हतं.
दुपारी तळ दिसतो, हायसं वाटतं,
तेवढ्यात ऋजुता शाळेतून येते
आणि दारातच मोजे काढते.

हेमांगी वाशीच्या इस्पितळात रात्रपाळीला.
तिचा गणवेश वेगळा भिजवायचा.
रक्ताला गार पाणी, गरम लावलंस तर डाग बसला,
आयोडिनचं ऊन बघून घेईल,
औषधाच्या गुलाबी डागाशी भांडू नकोस,
असं ती झोपेत उतरता उतरता सांगते,
पाठ माझ्याकडे करून.

पावडर मी आता घरीच करतो.
दोन पिवळ्या वड्या किसून,
तीन वाट्या धुण्याचा सोडा, दीड वाटी टाकणखार,
सगळं कोरडं, तोंडाला फडकं बांधून.
रंगीत कपड्यांना रिठे, आदल्या रात्री भिजत घातलेले.
पहिल्या खेपेला घरातलीच किसणी घेतली.
त्या रविवारी ऋजुता म्हणाली,
बाबा, ही कोशिंबीर आंघोळ करून आलीय.
आता किसणी वेगळी,
मुठीला लाल चिंधी बांधलेली.

खालच्या तांडेल वहिनी आधी भांडायला आल्या होत्या.
आमच्या दोरीचं पाणी त्यांच्या सुकटीवर.
मी माफीदाखल एक डबा भरून दिला.
आठवड्याने डबा परत, आत चार बोंबील,
आणि तक्रार: फेस येत न्हाय भाऊ.
मी एकोणीस वर्षांच्या अधिकाराने म्हणालो,
फेसाचा आणि स्वच्छतेचा संबंध नाही.
त्या म्हणाल्या, आसंल.
पण फेस नसला तं धुतल्यावानी वाटत न्हाय.
यावर मला बोलता आलं नाही.
ह्याच वाटण्याचा तर मी पगार घेत होतो.

हात फाटले. खोबरेल लावतो.
पूर्वी हेमांगीचे हात असेच असायचे,
आणि मी वर्षातून एकदा, दिवाळीला,
तिला क्रीमची बाटली आणून द्यायचो,
कंपनीची, सवलतीतली.

परवा तिच्या खिशात
चिकटपट्टीचा बोटभर तुकडा निघाला,
त्यावर तिच्या अक्षरात, घाईत: ३.१०.
कसले तीन-दहा, विचारायला गेलो,
ती उशीत तोंड खुपसून झोपलेली, बूट पायातच.
बूट काढले.
तुकडा भिजू दिला नाही,
ओट्यावरच्या टाइलला लावून ठेवलाय.
तिने पाहिला असणार.
दोघंही त्याच्याखालून चहा घेऊन जातो.

जुन्या पाळीतला लोखंडे फोन करतो,
कुठे चिकटलास का रे?
मी म्हणतो, आहे की काम.
किती देतात?
मागे बादलीत नळ वाहतोय,
तो ऐकून लोखंडे म्हणतो, बरं, ठेव, पाणी जाईल तुझं.

सहा दिवस ऊन नाही.
गजाबाहेर दोरी, दोरीवर ठाणे-बेलापूर रस्त्याची धूळ,
म्हणून गणवेश घरातच, पंख्याखाली.
पावणेआठ वाजतात.
मी कॉलरीवरून इस्त्री फिरवतो, पुन्हा फिरवतो,
शिवणीत ओल राहतेच.
ती माझ्या हातातून ओढून घेते,
बटणं लावता लावता म्हणते,
असू दे.
अंगावर वाळेल.