विभक्ती

पहिल्या वकिलाची पाटी मोठी होती.
विश्रामबाग, दुसरा मजला, पंख्याखाली तीन ज्युनिअर.
मी म्हणाले, तो मला मारला.
एक ज्युनिअर खाली बघून हसला.
साहेब म्हणाले, विभक्ती चुकते तुमची.
‘त्यानं मला मारलं’ म्हणा.
मी तसं म्हटलं.
वाक्य सुधारलं.
गालाचं हाड होतं तिथंच दुखत राहिलं.

उमदीला आमच्या घरी
भांडण, जेवण, देव, सगळं कन्नडमध्ये.
मराठी निम्मी शाळेतून मिळाली,
उरलेली सासूकडून:
‘यंडुगुंडू बंद कर.’
आईचा फोन आला की नवरा म्हणायचा,
माझ्यावरच बोलतीयस.
मग त्याच्यासमोर आईशी मराठीत बोलायचं.
आईला मराठी येत नाही.
ती तिकडून नुसतं हूं, हूं,
मी इकडून बरी आहे, बरी आहे.
बारा वर्षं.

राजमती उपाध्ये हे नाव
मिरजेच्या स्टँडवर बांगड्या विकणारीनं दिलं.
‘चिकोडीकडची हाय. दोन्ही बोलती.
पैसं टप्प्यानं घेती.’

ऑफिस म्हणजे झेरॉक्सच्या दुकानामागची खोली.
फायलींना लाल दोरा, टेबलावर उघडी भडंगाची पुडी.
माझ्याकडे न बघता पुडी पुढे सरकवली
आणि विचारलं,
येनाय्तु, हेळव्वा?

काय झालं, सांग बाई. एवढंच.
मी दीड तास बोलले. चहा दोनदा आला.
त्या कन्नड ऐकत होत्या, मराठी लिहीत होत्या,
पेन कुठं अडखळलं नाही.
एकदाच थांबलं.
मी म्हणाले होते, साकात्री.
म्हणजे बास झालं. पण शेवटचा तो ‘री’
मान द्यायला असतो,
नवऱ्याला, सासूला, त्यांच्या उंबऱ्याला.
वकीलबाई म्हणाल्या, हा ‘री’ अर्जात बसत नाही गं.
आणि लिहिलं:
‘अर्जदार हीस सामनेवाले यांचेसोबत नांदणे
यापुढे अशक्य झाले आहे.’

आता तीन हजार, उरलेले तारखेतारखेला,
तिकिटं आणि नोटरी वेगळी.
पावती मी मागितली नव्हती, तरी फाडली.
माझ्याशी खोटं बोललीस तर केस सोडेन, म्हणाल्या,
आणि महिन्यात निकाल लावतो म्हणणाऱ्याची
पायरी चढू नकोस.

पोटगी हा शब्द ऐकला की मला वाटायचं
ताट घेऊन कुणाच्या तरी दारात उभी आहे.
बाई म्हणाल्या, आपल्यात त्याला जीवनांश म्हणतात.
जगण्यातला वाटा.
मराठीनं पोट धरलंय, कन्नडनं जीव.
तुला दोन्ही आहेत की नाही?

सही कुठल्या भाषेत करू?
‘हात थरथरत नाही त्या.’
कन्नडमध्ये केली.
गोल अक्षरं, डोक्यावर रेघ नसलेली,
खांद्यावर पदर पडल्यासारखी.
मी ती सावरली नाही.

तिसऱ्या तारखेला नवऱ्याचा वकील म्हणाला,
हिला मराठी चांगलं येतं साहेब,
हे कन्नडचं नाटक आहे.
मी पिंजऱ्यात सरळ उभी राहिले
आणि म्हणाले, तो मला मारला.
उपाध्ये वकीलबाईंनी दुरुस्त केलं नाही.
चष्मा पुसत राहिल्या.
स्टेनोनं काय टाइप केलं, मला माहीत नाही.

पुढची तारीख दिवाळीनंतर.

गाडीत सृष्टी मांडीवर पुस्तक घेऊन बसली.
आई, पंचमीचे प्रत्यय सांग.
ऊन, हून, मी म्हणाले. कुणापासून तरी लांब जातानाचे.
उदाहरण?
सांगलीहून.
पुढं?
कंडक्टर वर येऊन उभा होता.
दोन हाफ, म्हणाले. उमदी.